मॉडेलमध्ये झाडाची उंची ३.२ दाखवतंय? माझं काय झालं ते सांगतो

परसातल्या चिंचेचे ९० फोटो काढले, कोलमॅपमध्ये (फोटो जोडून थ्रीडी मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर) मॉडेल झकास आलं, पण उंची ३.२ दाखवतंय आणि झाड तर दुमजली घराच्या वर गेलंय, असं तुम्ही लिहिलंय. वाचलं आणि मला आमचा वड आठवला.

फोटो कसे काढायचे ते लिहीत बसत नाही. खोड नीट आलंय म्हणजे तुम्हाला ते जमलंय. ते ३.२ ना फूट, ना मीटर. नुसत्या फोटोंवरून आकार कळतो, माप कळत नाही. मापासाठी मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका, तो चार-पाच मीटर सहज इकडेतिकडे होतो.

आमचा वड कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, गावच्या फाट्यावर. रस्ता रुंद होणार म्हणून बुंध्यावर लाल रंगाने नंबर पडला, तेव्हा मी दोन रविवार घालवून ३४० फोटो काढले. पारावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "काय करालास रे? झाडाचं आधार कार्ड काढालास काय?" एवढे फोटो काढले, पण एक मोजपट्टी काही झाडाला टेकवली नाही. पुढं झाड वाचवायचा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. पहिला प्रश्न, घेर किती, उंची किती? माझ्याकडे गोल फिरणारं सुंदर मॉडेल, आकडा एकही नाही. मग अर्ज कन्नडमध्ये आणा, मग पलीकडच्या टेबलावर जा, मग साहेब मीटिंगला. तीन आठवडे असेच गेले आणि एका सकाळी फाट्यावर नुसता भुसा.

पाराची एक दगडी पायरी तेवढी उरली होती. ती फोटोंतही होती. मोजली, ६० सेंटिमीटर भरली. त्यावरून उंची काढली, पण कडा झिजलेल्या. तिथं १ सेंटिमीटर चुकलं की १२ मीटरच्या झाडात २० सेंटिमीटर चुकतात. म्हणून माप लांब हवं.

तुमची चिंच उभी आहे, तेव्हा सरळ बांबू घ्या, बरोबर २ मीटरवर दोन लाल चिकटपट्ट्या मारा, खोडाशेजारी रोवा आणि पुन्हा फोटो काढा. नव्या मॉडेलमध्ये त्या पट्ट्यांतलं अंतर समजा ०.६४ आलं, तर २ भागिले ०.६४ म्हणजे ३.१२५. सगळ्याला त्यानं गुणा. त्या नव्या मॉडेलमध्येही उंची ३.२ च आली, तर ती १० मीटर होईल. जमिनीपासून १.३७ मीटरवर टेपनं घेर घेऊन मॉडेलशी ताडून बघा, वनखातंही घेर तिथंच धरतं.

मी सर्व्हेअर नव्हे, फ्लेक्सचं डिझाइन करून पोट भरतो, तेव्हा कोर्टकचेरीला हे माप चालेल असं म्हणत नाही.

आणि शेंड्याची पानं मेण वितळल्यासारखी आली असतील तर सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नका. वाऱ्यानं पान हललं की दोन फोटोंत तेच पान जुळत नाही. ढगाळ सकाळी, वारा सुटायच्या आत उरका. फांद्याच हव्या असतील तर काटेसावर-पांगाऱ्यावर हात बसवा, उन्हाळ्याच्या तोंडाला ती निष्पर्ण असतात. चिंचेची बारीक पानं मला अजून जमलेली नाहीत. तुम्हाला जमली तर फोटो टाका.