व्हँकुव्हरचा झुलता पूल आईला झेपेल का?

प्रश्न थोडक्यात असा: “ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन व्हँकुव्हरला येतोय. हातात एकच दिवस आहे. हॉटेलवरून नेऊन कॅपिलानोचा झुलता पूल आणि ग्राउझ माउंटन दाखवणारी गाइडेड टूर घ्यावी, की आपलं आपण जावं? आईचे गुडघे दुखतात आणि तिला उंचीची भीती वाटते. तिला झेपेल का?”

टूर घ्या. पण पैसे भरण्याआधी टूरवाल्याला एकच विचारा: पुलापाशी किती वेळ थांबता? दोन तासांच्या खालचा आकडा आला की फोन ठेवा. बस कसली, जेवण आहे का, पाण्याची बाटली देता का, हे सगळं नंतर.

मी व्हँकुव्हरला लागूनच असलेल्या बर्नबीत राहतो. ब्रिटिश कोलंबिया या आमच्या प्रांतात राहणाऱ्यांना कॅपिलानोला एका दिवसाच्या तिकिटात वर्षभराचा पास मिळतो, त्यामुळे मावशी येवो, मेहुणा येवो, मित्राचा चुलतभाऊ येवो, पाहुण्यांना पुलावर फिरवून आणायची ड्युटी आमच्या घरात माझी. पण पहिली फेरी झाली ती पास काढायच्या आधी, सासू-सासऱ्यांना घेऊन, एका टूरच्या बसने. एका दिवसात स्टॅन्ली पार्क, कॅपिलानो, ग्राउझ आणि शेवटी ग्रॅनव्हिल आयलंड. जाहिरात वाचून वाटलं, पैसे वसूल. प्रत्यक्षात पुलापाशी वेळ मिळाला सव्वा तास, आणि त्यातली पंधरा मिनिटं गेटवरच गेली.

सासरे महाड डेपोत ड्रायव्हर होते. आंबेनळी घाट, वरंध घाट, धो धो पाऊस, समोरचं काही दिसत नाही असं धुकं, या सगळ्यात एसटी चालवलेला माणूस. त्यामुळे घाबरणार त्या सासूबाई, असं आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. बाबा पुलावर पाचेक पावलं गेले. समोरून शाळेच्या पोरांचा घोळका येत होता, पूल हलला, आणि बाबांनी दोन्ही हातांनी बाजूचा दोर असा धरला की बोटं पांढरी पडली. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही तर घाटात गाडी चालवायचात.” त्यावर म्हणाले, “जावईबापू, घाटात गाडी माझ्या हातात असते. इथं स्टेरिंग कुठाय?” आणि वळून सरळ माघारी.

सासूबाईंनी पदर खोचला. अंगावर पाचवारी, पायात लेकीचे स्पोर्ट्स शूज. मधोमध पोचल्यावर थांबल्या, खाली वाकून नदी बघितली आणि म्हणाल्या, “आमच्या माहेरच्या साकवापेक्षा बरा आहे की. तो दर पावसाळ्यात वाहून जायचा.”

सांगायचं म्हणजे, कोण घाबरेल ते घरी बसून ठरवू नका. तुमची आई कदाचित तुमच्या आधी पलीकडे पोचेल. फक्त पुलावर पाय ठेवण्याआधी तिला एक गोष्ट नीट सांगा, जी आम्हाला कोणी सांगितली नव्हती: पलीकडून परत यायचं ते याच पुलावरून. दुसरी वाट नाही. पूल सुमारे १४० मीटर लांब आहे आणि नदीपासून ७० मीटर उंच, म्हणजे वीस-बावीस मजली इमारत धरा. तो झोळीसारखा मधे खाली आलेला असतो, म्हणून मध्यापर्यंत उतार आणि मग चढ. परतताना पुन्हा तेच. गुडघेदुखीवाल्यांना जाणं जड जात नाही, येणं जातं. आणि तेव्हा जर गाइड पलीकडच्या टोकाला घड्याळ दाखवत उभा असेल, तर झालंच. आमचं तसंच झालं. सासूबाई नुकत्या जंगलात रमल्या होत्या, परत निघायची वेळ झाली, पुलाच्या तोंडाशी रांग, आणि झाडांवरचे पूल बघायचे राहूनच गेले. बसमध्ये बसल्यावर त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “ते वरचे राहिले ना?” मला ते आजही लागतं.

म्हणून दोन तास. पलीकडचं जंगलच खरं बघण्यासारखं आहे, पूल नुसता तिथे पोचायला. तिथे ट्रीटॉप्स नावाची वाट आहे, २००४ पासूनची. जुन्या डग्लस फर झाडांना एकमेकांशी जोडणारे सात छोटे पूल, जमिनीपासून तीसेक मीटरपर्यंत उंच. यातली मला आवडलेली गोष्ट ही की झाडांना एकही खिळा ठोकलेला नाही. बुंध्याभोवती कॉलरसारखी पट्टी आवळून तिच्यावर फळ्यांचा ओटा बसवलाय, आणि झाड जाड होईल तशी ती पट्टी सैल करता येते. उंचीची भीती असणाऱ्यांना हे छोटे पूल मोठ्यापेक्षा सोपे जातात: अंतर कमी, हलणं कमी, आणि खाली दरीऐवजी नेचे दिसतात. पायऱ्या मात्र आहेत, त्या आईच्या बाजूने मोजा. वर जायचं नसेल तर खाली लाकडी फळ्यांच्या वाटेवरून निवांत फिरता येतं.

चांगला गाइड मिळाला तर या जंगलात त्याचे पैसे फिटतात. आमच्या गाइडला वेळेची शिस्त होती, बाकी माणूस तयारीचा होता. त्याने सासूबाईंच्या तळहातावर डग्लस फरचं एक पडलेलं शंकूसारखं फळ ठेवलं. त्याच्या खवल्यांच्या फटींतून तीन टोकं असलेल्या बारीक पाकळ्या बाहेर आलेल्या असतात. नीट बघितलं तर उंदराचे मागचे दोन पाय आणि मधे शेपटी. इथे गोष्ट सांगतात की जंगलाला आग लागली तेव्हा उंदीर या झाडाकडे आश्रयाला आले आणि फळांत तोंड खुपसून बसले, ते तसेच राहिले. झाडाची साल जाड, बुचासारखी, आगीत टिकणारी असते, त्यामुळे गोष्टीला आधारही आहे. सासूबाईंनी मराठीत माझ्यामार्फत त्याला विचारलं, उंदीर आहेत तर गणपती कुठाय? याचं भाषांतर करताना माझी जी धांदल उडाली ती सोडा. पुढे एक आडवा पडलेला जुना ओंडका होता, शेवाळाने मढलेला, आणि त्याच्यावर रांगेत नवी रोपं उगवलेली. त्या हात न लावता नुसत्या बघत राहिल्या. म्हणाल्या, देवराई आहे ही. आता खरं सांगायचं तर या भागात पूर्वी भरपूर लाकूडतोड झालेली आहे आणि जुनी झाडं थोडीच उरलीत, पण हे मी तेव्हा बोललो नाही.

आता पुलावर चालायचं कसं. झुलता पूल हलतो तो माणसांच्या पावलांनी. सगळे एका ठेक्यात चालायला लागले की प्रत्येक पाऊल आधीच्या झोक्यात भर घालतं, पोरं झोपाळ्याला रेटा देतात तसं. म्हणून आईच्या पुढे-मागे जवळ चिकटून, तिच्या पावलाला पाऊल मिळवून चालू नका. एकाने तीन-चार पावलं पुढे राहावं. नजर पायाखाली नको, पलीकडच्या झाडांवर. एक हात दोरावर, दुसरा मोकळा. समोरून घोळका येत असेल तर तो जाऊ द्या, मग निघा. फोटो काढायचा तो कडेला थांबून, आणि मोबाइल गळ्यात अडकवलेला बरा, निसटला तर थेट नदीत.

आईने “तुटणार नाही ना?” विचारलं तर इतिहास सांगा. पहिला पूल १८८९ चा, जॉर्ज ग्रँट मॅके नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने बांधलेला, तागाचे दोर आणि देवदाराच्या फळ्या. वाऱ्यात त्याचा आवाज यायचा म्हणून त्याला हसरा पूल म्हणायचे. त्यावर चालायला मीही तयार झालो नसतो. १९०३ मध्ये तारांचे दोर आले आणि १९५६ मध्ये अख्खा पूल नव्याने बांधला. २००६ च्या डिसेंबरात बर्फाच्या वादळात तीनशे वर्षांचं, ४६ टनांचं डग्लस फर त्याच्या पश्चिम टोकावर कोसळलं. दुरुस्ती होऊन पूल पुन्हा सुरू झाला. त्यापुढे आपलं साडेतीन माणसांचं वजन काय!

बायको सोबत असेल तर एक किस्सा जाता जाता सांगायला ठेवा. १९७४ मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी याच पुलावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एक तरुणी प्रश्न विचारायची आणि शेवटी आपला फोन नंबर द्यायची. नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी नंतर फोन केला. जवळच्या दुसऱ्या एका भक्कम, न हलणाऱ्या पुलावर तोच प्रयोग केला, तिथे १६ पैकी दोघांनी. छातीत धडधडतंय ते पुलामुळे, पण गडी समजला प्रेमामुळे. आमच्याकडे कांदेपोह्यांची जागा बदलायला हवी, असं माझ्या मेहुण्याचं मत आहे.

आईने पूल नाहीच म्हटलं तर तिला एकटी बाकावर बसवून ठेवू नका. अलीकडच्या बाजूलाच क्लिफवॉक आहे, २०११ चा. ग्रॅनाइटच्या कड्याला बाहेरून टांगलेली अरुंद वाट. उंच आहे, पायऱ्या आहेत, एका जागी पायाखाली काच आहे, पण झुलत्या पुलासारखी ती झोके खात नाही. भीती उंचीची की हलण्याची, हे इथे कळतं. सासऱ्यांची हलण्याची निघाली. पुढच्या खेपेला ते क्लिफवॉकवर आरामात फिरून आले आणि पुलाकडे ढुंकून बघितलं नाही.

क्रम सांगतो. सकाळी उघडल्या उघडल्या पूल, दुपारी डोंगर. अकरानंतर पुलावर मुंगीला जागा नसते, ऑगस्टमध्ये तर नाहीच. उलट क्रम लावणारी टूर असेल तर टाळा. डाउनटाउनहून जाताना बस लायन्स गेट ब्रिजवरून जाते, १९३८ चा, तोही झुलत्या पुलांच्याच जातीचा. ओलांडून झाल्यावर आईला सांगा, एक झाला.

ग्राउझ माउंटनबद्दल फार लिहीत नाही, ते सोपं आहे. स्कायराइड नावाच्या मोठ्या केबलकारने वर जायचं, साधारण ११०० मीटर उंचीपर्यंत. गर्दीत उभं राहावं लागतं, आईला मधे उभी करा, काचेपाशी नको. वर अख्खं शहर, समुद्र आणि हवा स्वच्छ असेल तर आग्नेयेला अमेरिकेतला बर्फाच्छादित माउंट बेकर दिसतो. हवा स्वच्छ असेल तर, हे दोनदा वाचा. आमच्या पहिल्या खेपेला वर नुसता ढग होता, बाबा म्हणाले महाबळेश्वर जवळ होतं. इथला पावसाळा आपल्या उलट, हिवाळ्यात. ऑगस्ट सहसा कोरडा जातो, पण त्या दिवसांत वणव्यांचा धूर पसरला तर डोंगरच दिसेनासे होतात. म्हणून शक्य असेल तर रद्द करता येणारं तिकीट घ्या आणि सकाळी ग्राउझच्या वेबकॅमवर वर काय दिसतंय ते बघा. भर उन्हाळ्यातही स्वेटर लागतो. ग्राउझ ग्राइंड नावाची पायऱ्यांची चढण कोणी सुचवली तर हसून सोडून द्या, २८०० च्या वर पायऱ्या आहेत.

आपलं आपण जायचं तर डाउनटाउनच्या वॉटरफ्रंट स्टेशनहून सीबस, म्हणजे प्रवासी बोट, बारा मिनिटांत पलीकडच्या ‘लॉन्सडेल की’ धक्क्यावर, तिथून २३६ नंबरची बस कॅपिलानो करून ग्राउझपर्यंत. तरुण असताना उत्तम. आई-बाबांना घेऊन, उन्हाळ्यात, भरलेल्या बसमध्ये उभं राहून, नको.

आणि आईची भीती साधी नसेल, म्हणजे गच्चीच्या कठड्यापाशीही ती जात नसेल, तर कॅपिलानोचा हट्ट सोडा आणि स्क्वॉमिश गावाच्या सी टू स्काय गोंडोलाची टूर बघा. तासाभराचा समुद्राकाठचा रस्ता, मग बसून जायच्या छोट्या केबिनमधून ८८५ मीटरवर. वर शंभर मीटरचा झुलता पूल आहे, पण तो ओलांडायची सक्ती नाही. इमारतीच्या मोठ्या गच्चीवरूनच खाडी आणि डोंगर दोन्ही दिसतात. २०१९ आणि २०२० मध्ये कोणीतरी मुद्दाम याचा केबल कापला होता, रात्री, केबिन रिकाम्या असताना. हे आईला वर जाण्याआधी सांगू नका.

खाण्याचं: डोंगरावर कॉफी आणि गोड पदार्थ मिळतात, चहाची आपल्यासारखी सोय नाही. थर्मास न्या. बूट रबरी तळाचे, सकाळी फळ्या ओल्या असतात. साडी चालते, हे सासूबाईंनी सिद्ध केलंय, फक्त निऱ्या दोन बोटं वर घ्यायला सांगा.