‘दहा तारखेपर्यंत’ म्हणजे दहा धरून की सोडून?

प्रश्न असा आहे: लग्नाला येणार की नाही, हे पाहुण्यांनी वेळेत कळवावं म्हणून पत्रिकेत एक ओळ घालायची आहे. ‘उत्तराची अंतिम मुदत : १० डिसेंबर’ असं छापावं की ‘१० डिसेंबरपर्यंत कळवावे’ असं? आणि दुसरं छापलं तर १० तारीख त्यात धरायची का?

‘कृपया आरएसव्हीपी करा’बद्दल विचारलं नाहीत, हे उपकारच. मूळ फ्रेंच वाक्याचा अर्थच ‘कृपया उत्तर द्या’ असा आहे, म्हणजे कृपया दोनदा आणि क्रियापदही दोनदा. असो.

‘अंतिम मुदत : १० डिसेंबर’ वाचलं की माझ्या दाताखाली खडा येतो. मुदत म्हणजे तारीख नव्हे, मुदत म्हणजे लांबी. तीन आठवड्यांची मुदत असते आणि ती १० डिसेंबरला संपते. मुदतठेव, मुदतवाढ, मुदतबाह्य हे शब्द बघा. तारीख वाढत नाही, पुढे ढकलावी लागते. वाढते ती मुदत. आणि ‘अंतिम’ कशाला? तीनदा मुदतवाढ देऊन वैतागल्यावर चौथ्यांदा देतात ती अंतिम मुदत. पहिल्याच पत्रिकेत पाहुण्याला दम कशाला भरायचा?

हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी ‘मद्द’, म्हणजे ताणणं, पसरणं. उर्दूत अलिफवर नागमोडी रेघ काढली की ‘अ’चा ‘आ’ होतो. त्या रेघेचं नावही मद्दच, कारण ती स्वर ताणते. आणि आता खरी गंमत: ‘मदत’ही याच धातूची. लढणाऱ्या फौजेला मागून कुमक येते, बळ लांबवलं जातं, ती मदद. तिची आपण मदत केली. मुदत आणि मदत या सख्ख्या बहिणी आहेत! मुदत मागणारा माणूस मदतच मागत असतो, हे मला कैक वर्षं वाटत होतं. धातू पाहिल्यावर तर मी ते प्रत्येकाला ऐकवत सुटलो आहे. (‘मुद्दा’ मात्र या घरातला नाही. तो ‘दावा’ आणि ‘दावत’ यांच्या घरातला, जिथे मूळ अर्थ हाक मारणं. आमंत्रणाच्या विषयात तोही पाहुणा शोभला असता, पण आवरतो.)

उलट ‘अवधी’. संस्कृतात अवधि म्हणजे सीमा, शेवटचा टोकाचा बिंदू. म्हणून तर निरवधी काळ म्हणजे अंत नसलेला काळ. अवधीचा अर्थ ‘कालखंड’ असा घेतला, तर निरवधी काळ म्हणजे काळ नसलेला काळ! आता मराठीची करामत बघा. जो बिंदू होता त्या अवधीला आपण लांबी केलं (‘अल्पावधीत’, ‘दोन महिन्यांचा अवधी’), आणि लांबी असलेल्या मुदतीला बिंदू करायला निघालो आहोत. पहिली अदलाबदल रुळली, तिच्याशी मी भांडत नाही. दुसरीशी भांडेन.

काही शुद्धतावादी सांगतात, मुदत परकी, ‘कालमर्यादा’ लिहा. जरूर लिहा, पण मग व्याकरणही पाळा. पाणिनीचं सूत्र आहे, ‘आङ् मर्यादाभिविध्योः’. ‘पर्यंत’ या अर्थाच्या ‘आ’च्या दोन तऱ्हा: टोक वगळून ती मर्यादा, टोक धरून तो अभिविधी. आमरण उपोषण ही मर्यादा. मेल्यावर कोण उपास करतो? आबालवृद्ध हा अभिविधी. त्यात बाळंही आली, म्हातारेही आले. तेव्हा ‘कालमर्यादा १० डिसेंबर’ छापलंत, तर काटेकोर पाहुण्याने ९ तारखेलाच कळवायला हवं. शुद्धतेच्या कैवाऱ्यांनी ‘कालाभिविधी’ छापून दाखवावं, मी पहिला टाळ्या वाजवीन.

हा नुसता शब्दच्छल नाही. एका लग्नाचं ‘१० तारखेपर्यंत’ वाचून मी १० तारखेला रात्री आठला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, ‘अहो, यादी सकाळीच दिली की!’ मी अभिविधी धरला होता, त्यांनी मर्यादा.

हं, तुमचा प्रश्न. ‘पर्यंत’ही दोन्हीकडे झुकतो. ‘पाच वाजेपर्यंत थांबतो’ म्हणणारा पाचच्या ठोक्याला उठतो, पण ‘पाचवीपर्यंत शिकला’ म्हटलं की पाचवी झालेली असते. ठोका हा क्षण, इयत्ता हे वर्ष. टोकाला क्षण असेल तर तिथे थांबायचं, कालखंड असेल तर तो पुरा करायचा. दिवस हा कालखंडच, म्हणून १० तारीख रात्री बारापर्यंत तुमच्या पाहुण्याची. त्यामुळे ‘१० डिसेंबरपर्यंत कळवावे’ हेच छापा आणि यादी ११ला द्या. माझ्यासारख्यांशी फोनवर वाद नको असेल तर ‘१० डिसेंबरअखेर’ छापा. ‘मार्चअखेर’ म्हटल्यावर ३१ तारीख सोडायची का, असं अजून तरी कोणी मला विचारलेलं नाही.