दोन ‘दॅट’ शेजारी शेजारी

प्रश्न असा आहे: ‘आय थिंक दॅट दॅट इज द रीझन’ हे वाक्य एका पत्राच्या मसुद्यात लिहिलं, तर वरिष्ठांनी त्यातला एक ‘दॅट’ लाल पेनानं खोडला. एकच शब्द लागोपाठ दोनदा येणं इंग्रजीत चूक आहे का?

नाही. वाक्य मुळात बरोबर होतं, आणि खोडल्यावर उरलं तेही बरोबर आहे. आता बघा, खोडला गेला तो कोणता ‘दॅट’? पेन दुसऱ्यावर फिरलं असलं, तरी वाक्यातून गेला तो पहिलाच. ‘इज’ला कर्ता लागतो, त्यामुळे उरलेला ‘दॅट’ कर्त्याच्या जागी जाऊन बसतो.

पहिला ‘दॅट’ म्हणजे आपला ‘की’, दुसरा म्हणजे ‘ते’. ‘मला वाटतं की ते कारण आहे.’ ओळखायची खूण सोपी आहे. दुसऱ्याच्या जागी ‘धिस’ घाला, अनेकवचन करून ‘दोज’ घाला, वाक्य चालतं: ‘आय थिंक दॅट दोज आर द रीझन्स’. पहिला मात्र तसाच राहतो, कारण तो उभयान्वयी अव्यय आहे आणि अव्यय बदलत नाही, हे आपण शाळेतच पाठ केलंय. ‘द बुक दॅट दॅट मॅन गेव्ह मी’ यातही तेच. इथे पहिला ‘जे’च्या कामावर आहे, दुसरा ‘त्या’च्या: त्या माणसानं मला जे पुस्तक दिलं ते.

मग आपल्याला हे का खटकतं? माझ्या मते याचं खरं कारण उच्चारात आहे. आपण सगळे ‘दॅट’ सारखेच ठणठणीत म्हणतो. ज्यांची ती मातृभाषा आहे ते तसं म्हणत नाहीत. ‘की’ किंवा ‘जे’ या अर्थाच्या ‘दॅट’मधला स्वर ते जवळजवळ गिळतात, ‘दट्’ असं काहीसं ऐकू येतं. ‘ते’ या अर्थाचा मात्र नेहमी पूर्ण ‘दॅट’. ‘आय थिंक दट् दॅट इज द रीझन’ असं एकदा मोठ्यानं म्हणून पाहा. त्यांच्या कानाला तिथे दोन निराळे शब्द ऐकू येतात, पुनरुक्ती फक्त कागदावर दिसते.

शिवाय मराठीत शब्द दोनदा आला की त्याला स्वतःचा अर्थ असतो. ‘कोण कोण आलं?’, ‘जे जे हवं ते ते घे’. एकेक करून सगळे, असा तो अर्थ. ही सवय घेऊन आपण इंग्रजी वाचतो. ‘दॅट दॅट’मध्ये तो अर्थ लागत नाही, मग उरतं एकच स्पष्टीकरण: टायपिंगची चूक.

हे दोन्ही ‘दॅट’ मुळात एकच. जुन्या इंग्रजीत तो नपुंसकलिंगी दर्शक होता, म्हणजे अगदी आपला ‘ते’. संस्कृत ‘तत्’ त्याच मुळातला, आणि मराठीचा ‘ते’ही त्याच घरचा. ‘मला ते ठाऊक आहे: तो आलाय’ अशा बोलण्यातला ‘ते’ हळूहळू पुढच्या वाक्याला चिकटला आणि ‘की’ झाला. आपण काही वेगळं करत नाही. ‘तो येणार नाही असं म्हणाला’ यातलं ‘असं’ मूळचं दर्शकच, आणि काम मात्र ‘की’चं. फरक इतकाच की आपलं ‘असं’ सांगून झाल्यावर येतं, त्यांचा ‘दॅट’ सांगण्याआधी. जर्मनचंही असंच झालं, पण त्यांनी लिहिताना सोय केली: उच्चार एकच ‘दास’, तरी ‘ते’ या अर्थी शेवटी एक ‘एस’ आणि ‘की’ या अर्थी दोन. पुण्यात जर्मन शिकणाऱ्या कितीतरी जणांचे गुण या एका ‘एस’पायी गेले असतील!

‘दॅट’च्या या बहुविध नोकऱ्यांबद्दलची कुरकुर जुनी आहे. 1711 साली लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात ‘हू’ आणि ‘विच’ यांच्या नावानं एक अर्ज छापून आला होता: आमची जागा ‘दॅट’नं बळकावली. खरं तर संबंधी सर्वनाम म्हणून ‘दॅट’च त्या दोघांपेक्षा जुना.

आता लिहिण्यापुरतं. दोन ‘दॅट’च्या मध्ये स्वल्पविराम देऊ नका. आपल्याकडे ‘की’च्या आधी तो देण्याची पद्धत छापील मराठीत आहे, आणि तिथूनच ‘ही सेड, दॅट’ असं लिहायची खोड लागते. आजच्या इंग्रजीत तो स्वल्पविराम नको. ‘थिंक’, ‘से’, ‘नो’ यांच्यानंतरचा ‘की’वाला ‘दॅट’ खुशाल गाळा, बोलताना सगळेच गाळतात. वाक्याच्या सुरुवातीचा मात्र गाळता येत नाही. ‘दॅट ही केम लेट इज नो सरप्राइज’ यातला ‘दॅट’ काढला, तर वाचणारा ‘ही केम लेट’ इथेच वाक्य संपलं असं समजतो आणि पुढच्या ‘इज’ला ठेचकाळतो.

तुमच्या मसुद्यात मी स्वतः दोन्ही ‘दॅट’ ठेवले असते. आधीच्या परिच्छेदात कारण सांगून झालं असेल आणि त्याच्याकडे बोट दाखवायचं असेल, तर दुसऱ्या ‘दॅट’वरचा जोर तिथे हवाच, आणि पहिला असला की तो जोर कुठे द्यायचा हे वाचणाऱ्याला आधीच कळतं.