पंधरवडा म्हणजे चौदा दिवस नव्हे

वाचक विचारतात : पगार, हजेरी, हिशोब

प्रश्न : ताई नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे, 38 माणसं. आत्तापर्यंत मी पगारपत्रक एक्सेलमध्येच करत होते, महिन्यातून दोनदा पगार, 1 ते 15 आणि 16 ते महिनाअखेर. आता शेठनी पेरोल सॉफ्टवेअर घेतलंय. पे फ्रिक्वेन्सी विचारली तिथे मी ‘बायवीकली’ निवडलं, म्हटलं पंधरवडा म्हणजे तेच. पहिलाच पगार निघाला आणि ज्यांना 7,800 मिळायचे त्यांना 7,200 आले. सगळे वेल्डर माझ्या टेबलाभोवती, मॅडम आमचा एक रोज कुठे गेला. सॉफ्टवेअरवाला फोनवर म्हणतो हिशोब बरोबर आहे. आता मी कुणाचं ऐकू?
— अकाउंट्स असिस्टंट, रबाळे

उत्तर : दोघांचंही ऐका, दोघंही खरं बोलतायत. बायवीकली म्हणजे दर 14 दिवसांनी. वर्षात 52 आठवडे, म्हणजे 26 पगार. आपला पंधरवडा तसा नाहीच, तो महिन्यात दोनच येतो, पंचांगात बघा शुद्ध एक आणि वद्य एक, म्हणजे वर्षाला 24. तुमच्या सॉफ्टवेअरने महिन्याच्या 15,600 ला (7,800 दोनदा) 12 ने गुणून 1,87,200 केले आणि 26 ने भागले, आले 7,200. तुम्ही इतकी वर्षं 24 ने भागत होतात, 7,800. फरक 600, आणि महिन्याचे कामाचे दिवस 26 धरून 15,600 ला भागलं की रोज किती येतो? 600. वेल्डरने कॅल्क्युलेटर न लावता बरोबर पकडलं की एक रोज गेला.

सॉफ्टवेअरवाला म्हणेल वर्षाची बेरीज तीच आहे, वर्षातल्या दोन महिन्यांत तीन-तीन पगार येतील तेव्हा भरून निघेल. कागदावर निघेल हो, पण दिघ्यातल्या खोलीचं भाडं, भिशी, पोरांच्या क्लासची फी हे सगळं महिन्याला असतं, ते काय तिसऱ्या पगाराची वाट बघत बसतं का. शिवाय तुमच्या कामाचाही घोळ. 1 ते 14, मग 15 ते 28, मग 29 पासून थेट पुढच्या महिन्यात, आणि पीएफ, ईएसआयचं चलान तर महिन्याचंच भरायचं असतं, मग तुम्ही दर महिन्याला एक पगार मधोमध फोडत बसणार.

तर पहिलं काम, फ्रिक्वेन्सी बदला. तुम्हाला हवंय ते बहुतेक ठिकाणी ‘सेमी-मंथली’ नावाने असतं, पण नावावर जाऊ नका. ईआरपीनेक्स्ट या सॉफ्टवेअरमध्ये ‘फोर्टनाइटली’ म्हणजे 14 दिवस, आणि 1 ते 15, 16 ते अखेर असं हवं असेल तर तिथे ‘बायमंथली’ निवडावं लागतं, जे ऐकून कुणालाही वाटेल दोन महिन्यांतून एकदा. म्हणून सपोर्टवाल्याला एकच विचारायचं, वर्षात पगार किती निघणार, 24 की 26, आणि एका माणसाचा तीन महिन्यांचा पगार टेस्टमध्ये काढून तारखा बघायच्या. राहिलेले 600 पुढच्या पगारात एरिअर्स, म्हणजे थकबाकी म्हणून वेगळ्या ओळीत दाखवा, बेसिकमध्ये मिसळू नका. पगाराच्या पावतीवर ती ओळ दिसली ना, की टेबलाभोवतीची गर्दी आपोआप कमी होते.

आता मूळ मुद्दा, कारण फ्रिक्वेन्सी नीट झाली तरी हा राहतोच. सॉफ्टवेअर तास, दिवस, आठवडा, महिना एकमेकांत फिरवतं, आणि प्रत्येक ठिकाणी भागाकार कितीने करायचा हे ते तुम्हाला विचारतं किंवा न विचारता स्वतःचं काहीतरी धरतं. तुम्ही आधी ठरवा की माणसाला नोकरीवर घेताना शब्द कशाचा दिला होता, रोजाचा की महिन्याचा. तो आकडा मूळ, बाकीचे त्याच्यातून काढलेले. महिन्याचे 15,600 मूळ असतील तर 26 ने भागून 600 रोज, 8 ने भागून 75 रुपये तास, सहा रोजांचा आठवडा 3,600. महिन्याचे तास 26 गुणिले 8, 208. उलट बाजूने करून बघा, 48 तासांचा आठवडा गुणिले 52, भागिले 12, परत 208च. म्हणजे गाडी रुळावर आहे. हा 26 कुणी हवेतून आणलेला नाही, 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यातसुद्धा महिन्याचा पगार भागिले 26 गुणिले 15 असंच होतं.

आणि महिना म्हणजे चार आठवडे हे डोक्यातून काढून टाका. मी वागळे इस्टेटला नवीन लागले तेव्हा एका युनिटमध्ये मासिक पगारवाल्यांना आठवड्यावर आणायचं होतं, मी बिनधास्त 4 ने भागलं. 15,600 भागिले 4, 3,900, दर शनिवारी 300 जास्त, 52 शनिवारांचे किती होतात तर पूर्ण 15,600. प्रत्येकाला तेरावा पगार वाटला की हो मी, आणि ऑडिटला सीए साहेब चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत बसले. कामगारांनी अर्थातच तक्रार केली नव्हती! मासिकाचा आठवडा करताना 12 ने गुणून 52 ने भागायचं.

राउंड ऑफ शेवटीच करा. 20,000 वाल्याचा तास 96.15 येतो, तो तिथेच 96 केला तर 208 तासांचे 19,968, दर महिन्याला 32 रुपये गायब आणि कुठे गेले ते कुणाला सापडत नाही.

प्रश्न : मॅडम, आमच्याकडे सगळे महिन्यावर, भागाकार 26 चा. जुलैत एक हेल्पर 15,600 वर लागला, एकच दिवस आला आणि पळाला. सॉफ्टवेअरने पगार शून्य दाखवला. तो परत आलाय पैसे मागायला, काय सांगू?
— सुपरवायझर, वागळे इस्टेट

उत्तर : सांगायचं काय त्यात, 600 द्या त्याला. जुलैत रविवार चारच आले, 31 मधून 4 गेले, कामाचे 27 दिवस. त्याचे खाडे 26, गुणिले 600, झाले 15,600, पगारातून वजा केले की शून्य. आणि तो एकही दिवस आला नसता तर सॉफ्टवेअरने त्याच्याकडूनच 600 मागितले असते!

महिन्यावरच्या माणसाचा पगार खाडे वजा करून काढायचा आणि रोजावरच्याचा हजेरीने गुणून, ही दोन वेगळी खाती ठेवा. महिन्यावाल्यालाही सरसकट हजेरीने गुणायला गेलात तर 28 च्या फेब्रुवारीत कामाचे 24च दिवस, एकही खाडा नाही तरी 14,400. म्हणून फक्त लागला तो महिना आणि सोडला तो महिना, या दोनच ठिकाणी महिन्यावाल्याला हजेरीने गुणा. काही जण यावर उपाय म्हणून महिन्याच्या एकूण दिवसांनी भागतात, त्यात रविवारचेही पैसे धरलेले असतात, ऑफिस स्टाफला ते बरं पडतं. पण मग खाडा जुलैत 503 चा आणि फेब्रुवारीत 557 चा, शॉप फ्लोअरवर हे समजावून सांगायला तुम्हीच उभे राहणार आहात हे लक्षात ठेवा. मी तरी तिथे 26 च ठेवते. काहीही ठेवा, अपॉइंटमेंट लेटरमध्ये जे लिहिलंय तेच सॉफ्टवेअरमध्ये असू दे.

प्रश्न : ओव्हरटाइम हजेरीच्या मशीनवर 1.45 दिसतो, पगारात पैसे कमी येतात. ऑपरेटर रोज भांडतोय.
— एचआर ट्रेनी, महापे

उत्तर : मशीनचा 1.45 म्हणजे एक तास पंचेचाळीस मिनिटं. सॉफ्टवेअरला तो एक पूर्णांक पंचेचाळीस शतांश तास वाटतो, म्हणजे एक तास 27 मिनिटं. पाऊण तास 0.75 असतो. 75 रुपये तासाच्या माणसाला दुप्पट दराने 150 धरले तर 262.50 व्हायला हवेत, तुम्ही देताय 217.50. रोजचे 45 रुपये, भांडणार नाही तर काय.

मशीनमधून तास आणि मिनिटं वेगळ्या कॉलममध्ये काढा, मिनिटांना 60 ने भागून तासांत मिळवा. सॉफ्टवेअर टॅली असेल तर पेरोल युनिटमध्ये तास आणि मिनिटं अशी दोन साधी युनिटं बनवून त्यांचं कंपाउंड युनिट करा, 1 तासाची 60 मिनिटं. एकदाच करायचं असतं पण करायचं राहून जातं, आणि मग लोक वर्षभर बोटांनी 1.45 टाइप करत राहतात. रात्रपाळीचंही बघा, 10 ला आत आणि सकाळी 6 ला बाहेर, तारीख बदलते म्हणून काही ठिकाणी ती पाळी दोन दिवसांत तुटते आणि दोन्ही दिवस अर्धा खाडा पडतो. पाळी ज्या तारखेला सुरू झाली त्या तारखेची धरायची, शिफ्ट सेटिंगमध्ये सोय असते.

प्रश्न : आम्ही दर शनिवारी पगार करतो. प्रोफेशनल टॅक्स कुणाचाच कापला जात नाहीये, चांगलंच आहे ना?
— पॅकेजिंग युनिट, तुर्भे

उत्तर : नाही हो, चांगलं कसलं! सॉफ्टवेअर आठवड्याचे 3,600 बघतं, 7,500 च्या आत म्हणून सोडून देतं. स्लॅब महिन्याच्या पगाराचे आहेत. पुरुषाचा महिना 10,000 च्या वर गेला की 200 आणि फेब्रुवारीत 300, बायकांना 25,000 पर्यंत माफ. ही कपात ‘महिन्यातून एकदा, शेवटच्या शनिवारी’ अशी लावा आणि त्यासाठी महिन्याच्या सगळ्या शनिवारांची बेरीज धरायला सांगा, कधी चार येतात कधी पाच. मागचे राहिलेत ते आधी सीएंना दाखवा, मग कामगारांना सांगा.