ठाण्यातल्या टीव्ही रिपोर्टरचा धावपळीचा दिवस मालिकेच्या एका भागात खरा कसा वाटेल?

अर्ध्या तासाच्या भागात ठाण्यातल्या रिपोर्टरचा अख्खा दिवस बसवायचाय आणि तो खोटा वाटू नये, असा तुमचा प्रश्न आहे. जाहिराती वगळून हातात साधारण २२ मिनिटं उरतात. मी तेवढ्यात एकच बातमी घेईन. समजा, वागळे इस्टेटमधल्या कारखान्याला सकाळी आग लागली.

रिपोर्टरचा पहिला फोन महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला जाईल: वर्दी किती वाजता आली, गाड्या किती गेल्या, आत कोणी अडकलंय का. ती रिक्षात असतानाच डेस्क, म्हणजे चॅनेलच्या ऑफिसात बातम्या हाताळणारी मंडळी, तिचा फोनो लावतं, म्हणजे ती फोनवरून थेट बातमीपत्रात. शेजारी जखमी चार सांगतात, पोलीस दोन. अग्निशमन अधिकारी अजून फोन उचलत नाही आणि अँकर आकडा विचारतोय. खरं नाट्य इथं आहे. या प्रसंगाला तीन मिनिटं तरी द्या. 'जखमींचा आकडा अजून स्पष्ट नाही' एवढंच ती बोलेल, तर तिच्या कामाची किंमत प्रेक्षकाला कळेल.

घटनास्थळी कॅमेरामन आधी दृश्यं उरकतो. आग आटोक्यात आली की ती पुन्हा मिळत नाहीत, बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर घेतलेली कुणाची प्रतिक्रिया, नंतरही मिळतो. बाईट दोन मिनिटांचा घेतला तरी बातमीत १५-२० सेकंदच लागतात.

लाइव्हच्या प्रसंगात हमखास एक चूक होते. अँकरचा प्रश्न रिपोर्टरच्या कानात एक-दोन सेकंद उशिरा पोहोचतो, पण अभिनेत्री प्रश्न संपताच बोलायला लागते. तिला कॅमेऱ्याकडे बघत थांबायला सांगा. तेवढ्यानं प्रसंग खरा होतो.

दुपारी पाचपाखाडीला, महापालिका मुख्यालयात. कारखान्याला अग्निशमनचा ना-हरकत दाखला होता का, एवढ्या एका उत्तरासाठी केबिनबाहेर ताटकळणं. दिवसाचा मोठा भाग असाच जातो, त्यामुळे हे कापू नका.

उपकथानकात अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराचा गुन्हा घेणार असाल, तर तिचं नाव, शाळा, घर, नातेवाईक यातलं काहीही बातमीत येऊ देऊ नका. पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम २३ नुसार माध्यमांना ते उघड करता येत नाही.

आणि काचेच्या न्यूजरूममध्ये ओरडणारा संपादक काढून टाका. ठाण्यातली रिपोर्टर मजकूर मोबाइलवर टाइप करून तिथूनच पाठवते, दृश्यंही तिथूनच जातात. डेस्क हा तिच्यासाठी फोनवरचा आवाज असतो. सेटचा खर्चही वाचेल.