सुप्रास्पायनॅटसला (हात वर उचलणारा खांद्याचा स्नायू) सूज आहे, फिजिओथेरपीतल्या अल्ट्रासाउंड मशीनच्या १० सिटिंग घेऊ का? दुखतं का?

दुखत नाही, शॉकही बसत नाही. जेल लावून मशीनचं डोकं खांद्यावर गोल गोल फिरवतात, फार तर कोमट लागतं. चटका बसला तर लगेच सांगा.

मी शाळेत शिकवते. फळ्यावर वरच्या ओळी लिहायला हात वर गेला की कळ यायची, रात्री त्या कुशीवर झोप नाही, वेणी घालायला मुलीला हाक मारायची. सोनोग्राफीत तुमच्यासारखंच, सुप्रास्पायनॅटसला सूज. आमचे मोठे दीर म्हणाले, मशीन लाव आणि हात गळ्यात बांधून ठेव, हलवलास तर शीर तुटेल. मी ऐकलं. २० सिटिंग घेतल्या, रोज शाळा सुटल्यावर जायचं, ७-८ मिनिटं मशीन, पैसे द्यायचे आणि घरी, व्यायाम एकानंही दाखवला नाही. दीड महिन्यानं दुखणं तसंच आणि वर हात आखडला तो वेगळाच.

मग दुसऱ्या फिजिओ बाईंकडे गेले, त्यांनी मशीन लावलंच नाही. दाराच्या कडीला थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा), कोपर आणि अंगाच्या मध्ये टॉवेलची घडी, हात हळूहळू बाहेर ओढायचा. भिंतीवर बोटांनी चढायचं. दुखणं सकाळपर्यंत ओसरलं तर तेवढंच चालू ठेवायचं, वाढलं तर कमी करायचं. पहिले १५ दिवस मी अक्षरशः रडले पण सोडलं नाही, आणि तीन महिन्यांनी माझी वेणी मी घातली.

दीर अजून म्हणतात मशीनचा गुण उशिरा आला. नाही आला! टेंडनवर (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) थोडाथोडा भार टाकल्याशिवाय त्यात ताकद येत नाही, बाहेरून लहरी सोडून ती कशी येणार? म्हणून पहिल्याच सिटिंगला व्यायाम मागा, नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

हां, एक्स-रेत टेंडनमध्ये कॅल्शियम साठलेलं दिसलं असेल तर गोष्ट थोडी वेगळी. व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये छापलेल्या अभ्यासात १५-१५ मिनिटांच्या २४ सिटिंगनी कॅल्शियम विरघळायला मदत झाली, दुखणंही कमी झालं, पण ९ महिन्यांनी दुखण्यात खरं मशीन लावलेले आणि नुसतं खोटं मशीन फिरवलेले सारखेच. पेसमेकर किंवा कॅन्सर असेल तर मशीन लावण्याआधी सांगा. आणि पडल्यावर हात एकदम उचलेनासा झाला असेल तर हे सगळं राहू द्या, आधी ऑर्थोपेडिकला दाखवा.