चोवीस तासांच्या मावशी : काळजी नीट होते आहे का?

प्रश्न : माझी ८१ वर्षांची आई पुण्यात राहते. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली आहे आणि तिचं बोलणंही आम्हाला कळत नाही. तीन महिन्यांपासून आया पुरवणाऱ्या ब्यूरोतर्फे चोवीस तासांच्या मावशी आहेत. फोनवर ‘सगळं व्यवस्थित आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. मी पंधरा दिवसांनी एकदा जाते. त्या एका दिवसात नेमकं काय पाहू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सकाळी अंग पुसायच्या वेळेला पोहोचा आणि मावशींना मदत करता करता आईची पाठ पाहा. माकडहाड, दोन्ही टाचा, घोटे आणि खुबे इथे लाली दिसली तर बोटाने दाबा. दाबल्यावर रंग फिका होऊन परत आला तर ठीक. लाली तशीच राहिली तर ती बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. सावळ्या अंगावर लाली कळत नाही. तिथे कातडी शेजारच्यापेक्षा काळपट, गरम किंवा घट्ट लागते. अशा जागी मालिश मुळीच नको, आतली नाजूक कातडी आणखी दुखावते. बहुतेक घरांत चूक होते ती एअर मॅट्रेसमुळे, म्हणजे हवेच्या गादीमुळे. ती आणली की कूस बदलायची गरज नाही, असं सगळेच धरून चालतात. गादी असली तरी कूस बदलावीच लागते, साधारण दर दोन तासांनी. जांघेत ओलसर लालसर पट्टा असेल तर डायपर बहुधा वेळेवर बदलला जात नाही.

मग एक पूर्ण जेवण समोर बसून पाहा. आईला ताठ बसवतात का, घास डाव्या बाजूने देतात का, पहिला गिळल्यावरच दुसरा देतात का? पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा त्यानंतर आवाज घरघरत असेल तर अन्नपाणी श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना लगेच सांगा. जेवणानंतर टॉर्च घेऊन उजव्या गालाच्या आत बघा. त्या बाजूची जाणीव कमी असल्याने घास तिथे साठून राहतो. तोंड दर जेवणानंतर साफ झालं पाहिजे आणि जेवल्यावर निदान अर्धा तास आईला बसतं ठेवलं पाहिजे.

उठवताना उजवा हात धरून ओढतात का, हेही पाहा. लुळ्या हाताचा खांदा त्याने निसटू शकतो. गरम पाण्याची पिशवी उजव्या बाजूला नकोच. चटका बसला तरी आईला कळणार नाही.

गोळ्या मोजा. रोज २ प्रमाणे पंधरा दिवसांत ३० जायला हव्यात. झोपेच्या गोळ्या हिशेबापेक्षा जास्त गेल्या असतील आणि आई दिवसाही गुंगीत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. वजन दर महिन्याला घ्या. ५० किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो उतरलं तर थांबू नका. आईला उभं राहता येत नसेल तर डाव्या दंडाचा घेर दर वेळी त्याच जागी टेपने मोजा. दंडावर बोटांचे वळ दिसले किंवा मावशी जवळ आल्यावर आई अंग आक्रसून घेत असेल, तर तिला त्यांच्याकडे एकटं ठेवू नका. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

वही ठेवायला सांगा : पाणी, जेवण, लघवी, संडास, कूस. आठवडाभराच्या नोंदी एकाच पेनाने, अगदी ठरावीक अंतराने असतील तर त्या बहुधा एका बैठकीत भरलेल्या असतात.

आता मावशींच्या बाजूचं, कारण तेही तितकंच महत्त्वाचं आहे. रात्रभर दर दोन तासांनी उठणारं माणूस दिवसभर धड काम करू शकत नाही. आईला रात्री सतत पाहावं लागत असेल तर बारा-बारा तासांच्या दोन बायका लागतील. एकच असेल तर त्यांना सलग झोप, दुपारी दोन तास, आठवड्याची सुट्टी आणि पोटभर जेवण मिळतं का? त्यांच्याकडून घरादाराचा स्वयंपाक, धुणंही करून घेतलं जात असेल, तर आईच्या पाठीवरची लाली एकट्या त्यांच्या माथी मारता येणार नाही.

प्रश्न : ब्यूरोकडून लेखी काय घ्यावं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बाई अचानक गेल्यास किती तासांत बदली मिळणार, पोलीस पडताळणीची प्रत, आणि आपण दिलेल्या पैशांतले तिच्या हातात किती जातात. फारच कमी जात असतील तर बायका टिकत नाहीत. आया आणि नर्स यांत गल्लत करू नका. इंजेक्शन, नाकातली नळी घालणं, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं हे नोंदणीकृत नर्सचं काम आहे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. बदलीची बाई आली की जुनीसोबत निदान अर्धा दिवस काम करेल, ही अटही घाला. कोणत्या कुशीवर दुखतं, पाणी कसं दिलं की ठसका लागत नाही, हे वहीत लिहिलेलं नसतं.